नाड्याला किती दिवसांनी द्यायचं

आमच्या सुनेला सगळी इमारत सिस्टर म्हणते. मीपण म्हणते, पण रागावले असले की. एरवी नुसतं अगं.

छत्तीस वर्षं ती मोठ्या हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात होती. तिथली बाळं म्हणजे तळहातावर मावणारी. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी, पेटीला बारीक ऊब. दर दोन तासांनी दूध, कुणाला पाच थेंब तर कुणाला चमचाभर. जरा मोठं होऊन आईच्या अंगावर प्यायला लागलेलं असेल, तर पाजायच्या आधी वजन आणि पाजल्यावर पुन्हा वजन, म्हणजे पोटात किती गेलं ते कळतं. सगळं वहीत लिहायचं. कुणी दहा ग्रॅमने वाढलं की सिस्टर घरी आल्या आल्या सांगायची, "आई, आज सात नंबरने दहा ग्रॅम घातले." मी चहा टाकायचे. वाढलं नसलं तर ती काही बोलायची नाही. जिन्यात तिच्या चपला कशा वाजतात त्यावरून मला कळायचं. मग मी चहा टाकायचेच, पण विचारायचे नाही.

गेल्या वर्षी ती रिटायर झाली. वॉर्डाने तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो आणि दिवसभर खड्ड्यात उभा राहून त्याची जीभ जरा तिरकी झालीय. तो म्हणाला, "हिला घड्याळ देणं म्हणजे मला शिडी देणं." ती हसली नाही.

घरी बसल्यावर पहिला महिना तिने मला पकडलं. दिवसातून तीन वेळा माझं ब्लडप्रेशर. मी पावाचे किती तुकडे खाल्ले, पाणी किती प्याले, सगळं तिला तोंडपाठ. एकदा मी म्हटलं, "अगं, मी ऐंशी वर्षांची आहे, ऐंशी दिवसांची नाही." त्यावर तिने माझी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिली. अशा बाईच्या हातात साप आला, म्हणजे काय झालं असेल ते सांगते.

साप माझ्या नातीचा, म्हणजे सिस्टरच्या लेकीचा. ही नात पण दिवस भरायच्या सात आठवडे आधी आलेली, बाराशे ग्रॅमची. सिस्टरने तिला आपल्याच वॉर्डात, आपल्याच हाताने पेटीत ठेवलं. पाच आठवड्यांनी मूल घरी आलं, तसे त्याचे दोन तासही घरी आले. मूल मोठं झालं, दोन तास काही गेले नाहीत. नऊ वर्षांची होईपर्यंत ती पोरगी जिन्यातून पुढे आणि सिस्टर वाटी-चमचा घेऊन मागे. शेजारी दारं उघडून बघायचे. मी मध्ये पडले नाही. त्या बाईने जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं, पण आता वाटतं की मध्ये पडायला हवं होतं.

नात आता बावीस वर्षांची आहे. विजेचं काम शिकली. वर्कशॉपमधल्या पहिल्या पगारात तिने सापाचं पिल्लू आणलं. कॉर्न स्नेक म्हणजे मक्याचा साप, विषारी नाही, कुणाला काही करत नाही, असं तिने मला समजावलं. मी मक्याचे चार दाणे काढून ठेवले होते. ती हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. हे जनावर उंदराची पिल्लं खातं, आणि तीही दुकानातून गोठवलेली आणायची, कोमट पाण्यात वितळवायची आणि लांब चिमट्याने द्यायची. गुलाबी, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यांचा डबा आमच्या फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशवीखाली आला. त्या दिवसापासून माझ्या मुलाने घरचा बर्फ सोडला.

पिल्लू मात्र दिसायला छान होतं. केशरी, अंगावर तांबडे ठिपके, ठिपक्यांना काळी किनार. जाडीला माझ्या पायजम्याच्या नाड्याएवढं. नातीने त्याला काहीतरी मोठं नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी नाडा म्हणायला लागले आणि तेच राहिलं. ते काचेच्या पेटीत असायचं. पेटीच्या एका बाजूला खालून ऊब, दुसऱ्या बाजूला गार, पाण्याची वाटी, लपायला उलटं ठेवलेलं लहानसं मडकं. सिस्टर पहिल्या दिवशी पेटीपुढे उभी राहिली ती बराच वेळ हललीच नाही. मग म्हणाली, "थर्मामीटर दोन हवेत. एकावर विश्वास ठेवायचा नाही."

दोन महिन्यांनी नातीला जहाजावर इलेक्ट्रिशियनची नोकरी लागली. सात महिने समुद्रावर. फोन लागेल तेव्हा लागेल. नाडा कुणाकडे ठेवायचा यावरून घरात जे झालं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

"मैत्रिणीकडे ठेवते," नात म्हणाली.

"का? मी मेले का?"

"आई, तू त्याला सारखं सारखं देशील."

"नऊशे ग्रॅमची बाळं जगवलीत मी. हा तर बुटाची लेस."

"तेच म्हणतेय. हे बाळ नाहीये. याला आठवड्यातून एकदा लागतं, बाकीचे सहा दिवस याला एकटं सोडायचं असतं. तुला एकटं सोडता येत नाही. या घरात मला श्वास घ्यायचा तरी आधी वजन करावं लागतं."

मग सिस्टर बारीक आवाजात म्हणाली, "माझ्याकडे ठेव. तू सांगशील तसंच करीन." इतक्या बारीक आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, आणि नातीनेही ऐकलं नसावं, कारण तिने लगेच होकार दिला.

जाण्याआधी तिने कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, मलाही वाचता यावा म्हणून. सात दिवसांनी एक. दिल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. वजन महिन्यातून एकदा, तेही खायच्या आधी. डोळे दुधाळ झाले तर कात टाकणार आहे, द्यायचं नाही. खाली लिहिलं होतं, आई, प्लीज. माझ्या मुलाने तो वाचला आणि म्हणाला, "लिफ्टमध्ये पण असाच कागद असतो. चार माणसं. आत सात जण जातात."

पहिले दोन आठवडे सिस्टरने कागद पाळला. रविवारी एक, मग पुढच्या रविवारी एक. मधल्या दिवसांत ती पेटीपुढे खुर्ची टाकून बसायची. नाडा मडक्याबाहेर यायचा, काचेला लागून मान वर करायचा आणि जीभ आतबाहेर करायचा. "बघा आई, शोधतोय," ती म्हणायची. "आमच्याकडे बाळ असं तोंड फिरवून शोधायला लागलं की आम्ही घड्याळ बघत नाही."

"साप जीभ काढणारच," मी म्हटलं. "दुसरं काय आहे त्याच्याकडे काढायला?"

तिसऱ्या आठवड्यात ती उंदराचा डबा आणायला दुकानात गेली. दुकानदार मासे विकतो, पोपट विकतो, सापाचंही सगळं ठेवतो. तिने त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, लहान आहे ना, पाच दिवसांनी दिलंत तरी चालतं. घरी येईपर्यंत तिच्या चालीत वॉर्ड आला होता. पाचला चालतं तर चारला काय बिघडतं, असं तिने मला विचारलं नाही, पण गुरुवारी दिलेलं मी पाहिलं आणि सोमवारी पुन्हा दिलेलंही पाहिलं. सोबत सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आला, ग्रॅमचा दहावा भागसुद्धा दाखवणारा. आणि नवी वही.

ती काय करायची ते नीट सांगते, कारण सगळं तिथेच आहे. द्यायच्या आधी नाड्याला उचलायची, डबीत घालून काट्यावर ठेवायची. मग खायला द्यायची. तो गिळून झाला, गळ्याशी फुगीर गाठ दिसायला लागली, की पुन्हा उचलायची आणि पुन्हा काट्यावर. किती गेलं ते कळावं म्हणून. छत्तीस वर्षं असंच केलेलं, हात आपोआप जायचा. वहीत लिहायची, अकरा पूर्णांक दोन. बारा पूर्णांक सहा. मग तीन दिवसांवर आली. तेरा पूर्णांक एक. त्या दिवसांत तिच्या चपला जिन्यात सात नंबरने दहा ग्रॅम घातल्यासारख्या हलक्या वाजायच्या, आणि मी चहा टाकायचे. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच. म्हणून मी कागदाकडे बोट दाखवलं नाही. हेही मला सांगायलाच हवं.

नातीचा फोन आला की सिस्टर म्हणायची, "मस्त आहे. झोपलाय." तिला तेरा ग्रॅम एकदमच दाखवायचे होते.

मग एका दुपारी खोलीत वास आला. अर्धवट वितळलेलं, करडं काहीतरी कागदावर पडलं होतं आणि नाडा पेटीच्या गार कोपऱ्यात वेटोळं करून बसला होता. ओकला होता.

सिस्टर घाबरली नाही. इतकं काय काय बघितलेलं. तिने पेटी साफ केली, कागद बदलला, ऊब दोन्ही थर्मामीटरवर तपासली. "ओकलेलं बाळ रिकाम्या पोटी ठेवायचं नसतं," ती म्हणाली. "थोडं थांबून थोडं द्यायचं. निम्मं." दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यात लहान पिल्लू शोधून कापून दिलं. नाड्याने घेतलं. तिने वजन केलं. संध्याकाळी तो पुन्हा ओकला.

चार दिवसांनी तिसऱ्यांदा. वहीत आता दहा पूर्णांक एक होतं, मग नऊ पूर्णांक चार. पाठीचा कणा वरून दिसायला लागला, घडी घातलेल्या कापडाची रेघ दिसते तसा. तो जीभही काढेना. माझा मुलगा कामावरून आला की आधी पेटीत डोकावायचा आणि काही तिरकं न बोलता हात धुवायला जायचा. तेव्हा मला कळलं, की आता साधं राहिलेलं नाही.

"लेकीला फोन कर," मी म्हटलं.

"काय सांगू? तिने एक गोष्ट मागितली होती माझ्याकडे. आयुष्यात एक."

"मग डॉक्टरकडे तरी चल."

जनावरांच्या दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. मी का गेले, तर डबी पोटाशी धरून ती एकटी जिना कशी उतरणार म्हणून. डबीत नाडा, डबीखाली गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर टॉवेल. बाहेर बाकावर एक माणूस ससा घेऊन बसला होता, तो डबीतलं बघून दोन जागा सरकला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नातीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी नाड्याला हातावर घेतलं, तोंड उघडून बघितलं, पोटावरून बोट फिरवलं.

"किती दिवसांनी देता?"

"सात," सिस्टर म्हणाली.

"दिल्यावर हाताळता?"

"नाही. दोन दिवस हात लावत नाही."

कागद तिने पाठ केला होता, तसाच म्हणून दाखवला. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी आली. मग पोटात जंत असतील, नाहीतर वाईट संसर्ग असेल, त्या म्हणाल्या. नळीने औषध घालावं लागेल, एवढ्या लहान जनावराला ते सोसेल की नाही सांगता येत नाही, पण दुसरा मार्ग दिसत नाही. त्या नळी आणायला कपाटाकडे वळल्या.

सिस्टर भिंतीकडे बघत होती. हीच बाई वॉर्डातल्या पोरसवदा आयांना बोलायची ते मी तिच्याच तोंडून ऐकलंय. मधाचं बोट लावलंत का, खरं सांगा, मी रागावणार नाही, पण खोटं सांगाल तर मूल जाईल. वर्षानुवर्षं तिने ते प्रत्येकीला सांगितलं होतं. आणि आता स्वतः भिंतीकडे बघत होती.

ती लग्न होऊन आल्यापासून मी तिला चारचौघांत कधी खाली बघायला लावलं नव्हतं. सासवा काय करतात ते मी स्वतः भोगलेलं आहे, म्हणून ठरवलंच होतं. ते त्या दिवशी मोडलं.

"बाई, ती खोटं बोलतेय," मी म्हटलं. "तीन दिवसांनी देते. आणि दिल्या दिल्या काट्यावर ठेवते, वहीत लिहिते. ओकला की दुसऱ्या दिवशी परत देते."

डॉक्टरीणबाईंनी नळी खाली ठेवली. सिस्टरने माझ्याकडे बघितलं नाही.

"वही आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सिस्टरने पर्समधून वही काढली. म्हणजे आणली होती तिने. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "फार व्यवस्थित लिहिलंय." मग समोर बसून त्यांनी समजावलं. सापाला गिळलेलं पचवायला दिवस लागतात, ऊब लागते आणि शांतता लागते. पोट भरलेलं असताना उचललं की तो घाबरतो आणि टाकून देतो. ओकताना पोटातला पाचक रसही बाहेर जातो, तो पुन्हा तयार व्हायला दोन आठवडे लागतात. तोपर्यंत दिलेलं आत कुजतं आणि पुन्हा बाहेर येतं. दर वेळी जनावर आणखी खचतं.

"म्हणजे तुम्ही जेवढं वाचवायला गेलात..." त्या बोलता बोलता थांबल्या. वाक्य पुरं केलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

"आता?" सिस्टरने विचारलं.

"चौदा दिवस काही नाही. फक्त पाणी. हात नाही, काटा नाही, पेटीला टॉवेल घाला. पंधराव्या दिवशी अगदी लहान, अर्धं. ते पोटात राहिलं तर पुढचं दहा दिवसांनी. पुन्हा ओकला तर..." त्यांनी खांदे हलवले. "नऊ ग्रॅम म्हणजे काहीच नाही हो."

"चौदा दिवस तो टिकेल?"

"खरं सांगू? माहीत नाही. पण दिलंत तर टिकणार नाही, एवढं माहीत आहे."

घरी येताना ती माझ्याशी बोलली नाही. जिना चढताना मात्र हात दिला. पाचव्या पायरीवर म्हणाली, "तुम्ही बोलला नसता तर नळी घातली असती त्याला."

"हं."

"मी बोलणार होते."

"हं."

"नव्हते बोलणार," ती म्हणाली, आणि मग तीन मजले आम्ही नुसत्या चढलो.

ते चौदा दिवस मी विसरणार नाही. पेटीवर जुना टॉवेल, आणि टॉवेलकडे बघत सिस्टर. काटा तिने स्वतःच माझ्या उशाच्या कपाटात आणून ठेवला. पहिले चार दिवस तिने खिडक्या पुसल्या, घरातल्या आणि जिन्यातल्याही. पाचव्या दिवशी माझं ब्लडप्रेशर घ्यायला आली. मी हात पुढे केला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आधी तक्रार करायचे, आता केली नाही. तेवढाच तिच्या हाताला चाळा.

त्याच दिवसांत तिने मला वॉर्डातली एक गोष्ट सांगितली, आधी कधी न सांगितलेली. एका बाळाचं पोट फुगलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, दूध बंद, पोटाला विश्रांती. ती तेव्हा नवी होती. बाळ रात्रपाळीभर ओठ चोखत होतं. तिने कुणाला न सांगता चार थेंब दिले. "नुसते चार, आई." बाळ दोन दिवसांनी गेलं. चार थेंबांनी गेलं की जाणारच होतं, ते कुणालाच कळलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. "त्यानंतर मी एकही थेंब न लिहिता दिला नाही," ती म्हणाली.

लिहिलं म्हणून थेंब कमी होत नाहीत, एवढंच डोक्यात आलं. ते मी बोलले नाही. एका आठवड्यात तिला दोनदा तोडायला माझी जीभ धजली नाही.

नवव्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला उठले, तर ओट्यावर वाटीत कोमट पाणी आणि त्यात एक गुलाबी पिल्लू तरंगत होतं. ती बाजूला उभी.

"काय करतेस?"

"काही नाही. नुसतं वितळवून बघत होते."

"कशाला?"

"टॉवेल उचलून पाहिला. मान वर केली त्याने, आई. जीभ काढली. नऊ दिवसांत पहिल्यांदा." तिने वाटीतलं पाणी बोटाने हलवलं. "तो मागतोय आणि मी देत नाहीये. मला नाही येत हे. मला हे शिकवलंच नाही कुणी."

मी खुर्ची ओढून बसले. पाय दुखत होते, आणि शिवाय मला हात धरून तिला थांबवायचं नव्हतं. हात धरून थांबवलेलं माणूस पाठ वळली की पुन्हा करतं.

"दे," मी म्हटलं. "मी कुणाला सांगणार नाही. डॉक्टरीणबाईंना नाही, तुझ्या लेकीला नाही. दे तू."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी तिला शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. मग वाटी उचलली, पिल्लू कागदात गुंडाळलं आणि खाली कचऱ्यात टाकून आली. परत यायला तिला बराच वेळ लागला. डोळे लाल होते. मी चहा टाकला होता. तिने तो उभ्यानेच प्यायला.

अकराव्या दिवशी फोन लागला. जहाज कुठल्यातरी बंदराला होतं, मागे यंत्रांचा आवाज. नात म्हणाली, "नाडा दाखव ना. दर वेळी काय झोपलाय?"

सिस्टरने फोन टेबलावर उभा केला आणि समोर बसली, शाळेत बाकावर बसावं तशी. सगळं सांगितलं. तीन दिवस, काटा, ओकणं, पुन्हा देणं, डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलं तेही, आणि मी बोलले तेही. मध्ये कुठे "मला वाटलं" असं म्हणाली नाही. लेकीचा चेहरा फोनवर हलत नव्हता. मला वाटलं फोन अडकला. अडकला नव्हता.

"मी कागद लिहून दिला होता," नात शेवटी म्हणाली.

"हो."

"खाली प्लीज लिहिलं होतं."

"हो."

"मेला तर मला फोनवर सांगू नकोस. मी इथे खोलीत तिघींबरोबर राहते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

सिस्टर तशीच बसून राहिली. माझा मुलगा आतल्या खोलीतून आला, तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "लहानपणी ती जिन्यात पळायची ना, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर थांबायची. तुझ्यासाठी. तू मागे राहिलीस की." मला हे माहीत नव्हतं. तिलाही नसावं. पण त्याने तिला काही दिलासा मिळाला असं मी म्हणणार नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी तिने अर्धं पिल्लू वितळवलं, चिमट्यात धरलं आणि टॉवेल बाजूला केला. नाडा मडक्यात होता, तोंड तेवढं बाहेर. चिमटा त्याच्यापुढे धरून ती उभी राहिली. हात हलत नव्हता, छत्तीस वर्षांचा हात. नाड्याने जीभ काढली, थांबला, पुन्हा काढली. मग हळूच घेतलं. गिळायला त्याला वेळ लागला. पूर्वी झटक्यात गिळायचा.

गिळून झाल्यावर तिने टॉवेल घातला. आता हात काट्याकडे जाणार म्हणून मी तिच्याकडे बघत होते. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले, खोलीबाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसली. जेवायलाही उशिरा आली.

पहिला दिवस गेला. दुसराही गेला, तो ओकला नाही. आम्ही तिघंही नाकाने घर हुंगत फिरत होतो. माझ्या मुलाने मोजे वाळत टाकले तर सिस्टर धावत आली, वास कसला म्हणून. तो म्हणाला, "माझा आहे. जन्मापासून." त्यावर ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, ते काही लवकर थांबलं नाही.

पाचव्या दिवशी तिने मला हाक मारली. पेटीतल्या कागदावर काळपट, वर पांढरा ठिपका असलेलं थेंबभर काहीतरी होतं. शी होती. पचलं होतं. तिने फोटो काढला, लेकीला पाठवला, खाली काही लिहिलं नाही. उत्तर आलं नाही. निळी खूण मात्र आली, म्हणजे बघितलं असं माझ्या मुलाने मला सांगितलं.

सहाव्या दिवशी नाडा सकाळपासून बाहेर. काचेला लागून या टोकाहून त्या टोकाला. मान वर, जीभ आतबाहेर. कणा अजून दिसतोच आहे. डॉक्टरीणबाईंना मी फोन लावून विचारलं, वाचला का म्हणून. त्या म्हणाल्या, दहाव्या दिवशी देऊन बघा, मग सांगते.

दुपारी नातीचा संदेश आला. माझ्या मुलाने तो मोठ्याने वाचला. "आता कधी देणार?" एवढंच होतं.

सिस्टरने फोन हातात घेतला. तिने दहा असं लिहिलं, मग पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी काय पाठवलं ते मला दाखवलं, मोठ्या अक्षरांत करून. "तू सांग."

उत्तर यायची वाट बघत आम्ही बसलो. पेटीत नाडा काचेवर नाक घासत होता.

"भूक लागलीय त्याला, आई," ती म्हणाली.

"लागली आहेच," मी म्हटलं.

ती उठली, पेटीवर टॉवेल नीट घातला, एक कोपरा सुटला होता तो दाबला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली.